जाते म्हणायचं नाही

आमच्या गावी, पुण्याजवळच्या नेऱ्याला, घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. दळणाचा डबा डोक्यावर घेतलेली बाईसुद्धा 'येते' म्हणते आणि गिरणीच्या वाटेला लागते. लहानपणी एकदा मी खेळायच्या घाईत 'आई, जाते' असं म्हणाले, तर तिनं वेणीला धरून मला उंबऱ्याच्या आत ओढलं होतं.

"जाते म्हनू न्हाई. येते म्हन, मग जा कुटं जायाचं तितं."

मी येते म्हटलं आणि गेले. पाचवीत शाळा सुटली तेव्हाही गुरुजींना मी 'येते' म्हणूनच निघाले होते, आणि परत काही गेले नाही. तेव्हा त्या शब्दाचा कुणाला त्रास झाला नव्हता. तो पुढं कुवेतला झाला.

नवरा अपघातात गेल्यावर मी पुण्यात एका अरबी विद्यार्थ्याच्या फ्लॅटवर स्वयंपाक करायचे. मुलगा शांत होता, भात मागून घ्यायचा. त्याची मावशी कुवेतला, तिचे पाय धरलेले, तिला हातापायाशी बाई पाहिजे होती. "मावशी चांगली आहे," एवढंच तो म्हणाला. मुलगी माझी पहिलीत होती. तिला आईपाशी आणि भावापाशी ठेवून मी निघाले, ते साल नव्व्याण्णव. विमानतळावर आईला आत येऊ देत नव्हते, म्हणून तिनं काचेच्या बाहेरून तोंड हलवून विचारलं, म्हणालीस का? मी मान हलवली. मुलगी आईच्या पदराशी चाळा करत होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

मी स्वभावानं भित्री. कमी शिकलेल्या माणसाला वाटतं, आपण तोंड उघडलं की काहीतरी चुकणार. त्या घरात पहिले महिने मी जेवढ्यास तेवढं बोलायचे आणि कामाच्या आधीच घामाघूम व्हायचे, की चूक झाली तर परत पाठवतील. घरात पाय धरलेली म्हातारी, तिचा थोरला मुलगा, तो सरकारी कचेरीत. त्याची बायको शाळेत शिकवायची. त्यांच्या दोन मुली. आणि गाडी चालवणारा केरळचा ड्रायव्हर. म्हातारीला सगळे 'यम्मा' म्हणायचे, म्हणजे आई. मीही म्हणू लागले.

तिथलं सगळंच उलटं वाटायचं. उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला हात लावला तर चटका बसे, कारण पाण्याची टाकी गच्चीवर दिवसभर तापलेली. आणि गिझर बंद ठेवलेला असे, त्यातलं पाणी गार. आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा, हे मला ड्रायव्हरनं शिकवलं. वारा सुटला की आभाळ पिवळं व्हायचं, आणि दारंखिडक्या लावूनही डाळीत, गादीत, दातात धूळ यायची. शुक्रवारी सगळं गणगोत जेवायला. परातीएवढ्या ताटात भात, वर मटण, भोवती सगळे बसलेले. पुरुषांची बैठक रस्त्याकडच्या वेगळ्या खोलीत, तिथं फक्त कॉफी घेऊन दारापर्यंत जायचं.

आतल्या, बायकांच्या दिवाणखान्यात एक फोटो होता. पांढरा पायघोळ अंगरखा, नुकती फुटलेली मिशी, हसरा चेहरा. आपल्याकडं हार घातलेला फोटो दिसला की माणूस गेला हे न विचारता कळतं. या फोटोला हार नव्हता. मी धरून चालले की यम्माचा धाकटा मुलगा बाहेरदेशी शिकायला असेल. एक दिवस फोटो पुसता पुसता, आपणही दोन शब्द बोलावेत म्हणून, मोडक्या अरबीत मी यम्माला विचारलं, "हा कधी येणार?"

सूनबाई जेवणाची ताटं लावत होती, तिचा हात थांबला. मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं आता, उद्याच्या विमानात बसवतात. पण यम्माचा चेहरा असा खुलला, की तसा मी आधी पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" ती सुनेला म्हणाली. "हिला विचारावंसं वाटलं."

नंतर ड्रायव्हरनं मला गाडीत सगळं सांगितलं. नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं होतं तेव्हा तो मुलगा भाकरी आणायला गेला आणि रांगेतूनच त्याला उचलून नेलं. असे शेकड्यांनी नेले होते. सैन्य हाकललं गेलं, तेलाच्या विहिरींच्या आगी विझल्या, काचा बसवल्या, रस्ते झाले, पण ती माणसं आली नाहीत. त्यांना 'असीर' म्हणायचे, कैदी. भिंतीवर, दुकानात, गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटवलेली जी अक्षरं मला रोज दिसत होती, ती त्यानं वाचून दाखवली: आमच्या कैद्यांना विसरू नका.

"घर में सबको मालूम, वो नहीं आयेगा," ड्रायव्हर म्हणाला. "बोलता कोई नहीं. दीदी, तुम एक ही है जो पूछा कब आयेगा."

म्हणून यम्मानं मला जवळ केलं. माझ्या शहाणपणामुळं नाही, फोटोला हार नव्हता म्हणून.

आता त्या शब्दाचं. अरबीत 'येते' कसं म्हणायचं ते मी पहिल्या आठवड्यातच शिकले होते, कारण ते सोपं होतं. आम्ही कामाची माणसं मोडकंतोडकं बोलायचो, त्यात 'आना' म्हणजे मी आणि 'येजी' म्हणजे येणं. आपलं 'ये', त्याला वर 'जी'. मग मी कचरा टाकायला निघाले की म्हणायचे, "यम्मा, आना येजी." दुकानात निघाले, आना येजी. तिच्या खोलीतून भांडी घासायला निघाले, आना येजी. ती बिचारी उशाशी टेकून वाट बघायची. मी येते म्हणाले म्हणजे मी तिच्याकडं येते आहे. कधी उठून बसायला हात पुढं करायची, आणि मी पाठ फिरवून चाललेली असायचे.

शेवटी तिनं ड्रायव्हरला सांगितलं, या बाईला काहीतरी होतंय, बघ. तो हसत हसत आला.

"दीदी, तुम बोलता है आती है, और जाती है. बुढ़िया पागल हो जाएगी. जाने को रूह बोलो, रूह. आना रूह."

"ते मी नाही म्हणणार," मी म्हणाले.

"क्यों?"

"हमारे में नहीं बोलते."

"अरे बाबा, यहाँ कौन तुम्हारा सुनता है?"

पण जीभ वळेना. आणि हिंदीत रूह म्हणजे जीव, हे मी सिनेमात ऐकलेलं. 'मी जीव' असं म्हणत दाराबाहेर पाऊल कसं टाकायचं?

यम्मानं मग मलाच विचारलं. दुपारची वेळ, मी तिच्या पोटऱ्यांना तेल लावत होते. माझ्या अरबीत जमेल तसं मी सांगितलं: आमच्याकडं जाते म्हणणारा येत नाही. म्हणून जाणाराही येते म्हणतो.

तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मी त्याला रूह म्हणाले होते."

मी तेलाचा हात थांबवला.

"तो जात नव्हता. बसून नखं कापत होता. मीच म्हणाले, रूह, लवकर रूह, भाकरी संपेल." तिनं दुलईचा काठ बोटांत धरला. "तेव्हापासून मी तो शब्द कुणाला म्हणत नाही. तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. पण नंतर लक्ष ठेवलं तर खरंच होतं. ड्रायव्हरला शाळेत पाठवायचं असलं की 'जा' न म्हणता 'मुलींना आण' म्हणायची. मला स्वयंपाकघरात धाडायचं असलं की 'चहा दिसू दे' म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात नवा नियम आला. दाराबाहेर पडणाऱ्यानं येजी म्हणायचं. मुलींना तर खेळच मिळाला. दप्तर पाठीवर टाकून, माझ्या मोडक्या अरबीची नक्कल करत, नाकातून ओरडायच्या, "यम्मा, आना येऽजी." सून मान खाली घालून पुटपुटायची. थोरला मुलगा पहिले काही दिवस चिडला.

"यम्मा, हे हिंदी लोकांचं खूळ आहे. कचेरीत कुणी ऐकलं तर हसतील."

"कचेरीत नको म्हणूस. दारात म्हण."

तो गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "येजी," आणि गेला. माझ्याकडं बघितलं त्यानं जाताना. पण मला कधी काही बोलून दाखवलं नाही. त्या घराचं मीठ मी उगाच खाल्लेलं नाही. आजारी पडले तेव्हा सुनेनं स्वतः खिचडीसारखं काहीतरी करून दिलं होतं. महिन्यातून एकदा यम्मा स्वतःच्या खोलीतला फोन माझ्यापुढं सरकवायची आणि कानावर हात ठेवून भिंतीकडं तोंड करायची, म्हणजे मी मोकळेपणी बोलावं. तिला मराठीतलं काही कळणार नव्हतं, तरी. मुलगी पलीकडून विचारायची, "कोन?" आणि आई तिच्या हातात फोन देत सांगायची, "तुजी आई हाय गं."

दुपारी तेल लावताना यम्मा जुनं सांगायची. ती जन्मली तेव्हा त्या देशात तेल निघालेलं नव्हतं. समुद्रकाठी मातीची घरं. बाप गलबतावर, मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांच्या दोऱ्या ओढायचा, उन्हाळाभर समुद्रात. प्यायचं पाणीसुद्धा होडीतून, परमुलखातून यायचं आणि पखालीनं विकलं जायचं. हे ऐकून मी तिला म्हणाले, आमच्याकडं इतकं पाणी पडतं की चार महिने कपडे वाळत नाहीत. तिला ते खोटं वाटलं. तिच्या लहानपणी तिथं आपलाच रुपया चालायचा. गलबतं मुंबईला यायची. बापानं मुंबईहून लोणचं आणलं होतं, त्याला ती 'अंबा' म्हणायची. पंख्याला 'बांका'. चपलेला 'जूती'. असे शब्द सापडले की आम्ही दोघी हसायचो, जसं काही माहेरचं कुणी भेटलं.

मग तेल निघालं. सरकारनं मातीच्या घरांचे भरपूर पैसे दिले आणि सगळा जुना गाव पाडला. लोक आनंदानं नव्या बंगल्यांत गेले. "मी एकदा बघायला गेले," ती म्हणाली. "आमच्या गल्लीचा रस्ता झाला होता. रुंद. दार कुठं होतं तेही समजेना. उभं राहायला भिंत तरी हवी ना, बिन्ती." मला ती बिन्ती म्हणायची, मुली. मी हं म्हटलं. त्याच सुमाराला फोनवर भाऊ सांगत होता की हिंजवडीकडून रस्ता रुंद होतोय, खळ्याची जागा विकायचं चाललंय. मला दोन्हींचा संबंध तेव्हा लागला नाही.

दोन हजार तीनला पुन्हा लढाईची भाषा सुरू झाली. या वेळी अमेरिकेचं सैन्य कुवेतमधून इराकमध्ये शिरणार होतं. घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं बंद करून घेतली, विषारी वायू आला तर सगळ्यांनी तिथं बसायचं म्हणून. भाऊ फोनवर म्हणाला, "ये निगून. लोकं यायला लागल्यात." मी रात्रंदिवस घाबरलेली. पण यम्मा वेगळ्याच घाईत होती. तिनं धाकट्याचे कपडे कपाटातून काढून मला धुवायला लावले.

"आता तिथले कैदखाने उघडतील," ती म्हणाली. "तो येईल तेव्हा कपडे वासाचे नकोत."

घरात वायूचे मुखवटे आणले, त्यात एक कमी पडला. मला कळलं, तो माझाच असणार. आणि माझं काही म्हणणंही नव्हतं. भोंगा वाजला तेव्हा भर दुपार होती. आम्ही सगळे त्या खोलीत. यम्मानं तिचा मुखवटा नाकाला लावला, काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"यात जीव गुदमरतो. तूच घाल."

मुलगा ओरडला. ती म्हणाली, मला वायू लागेपर्यंत तुमचं ओरडणंच मारेल. मी तो घातला आणि ड्रायव्हर त्याच्या मुखवट्याआडून म्हणाला, "दीदी, एकदम गणपती लगता है." मुली हसायला लागल्या. मी आत रडत होते, ते बाहेर दिसत नव्हतं.

लढाई लवकर आवरली. कैदखाने उघडले. टीव्हीवर लोक भिंती फोडून तळघरांत शिरताना दिसत होते, जमिनीला कान लावत होते. यम्मा टीव्हीपुढून उठेना. कुणीही बाहेर आलं नाही. मग काही आठवड्यांनी वाळवंटात माणसं पुरलेले खड्डे सापडले, आणि टीव्ही बंद झाला. थोरल्यानंच तारा काढून ठेवल्या.

एक दिवस कुणी बाई येऊन यम्माच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेऊन गेली. खड्ड्यांतली हाडं कुणाची ते त्यावरून जुळवायचं होतं; यम्माला सांगितलं, साखरेची तपासणी. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तिनं धुतलेल्या कपड्यांचंही नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी थोरला भर दुपारी घरी आला. आधी बैठकीच्या खोलीत पुरुष जमले. मी कॉफी घेऊन दारापर्यंत गेले, ती कुणी घेतली नाही. मग तो आत आला, आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं, आणि म्हणाला, "यम्मा, भाऊ आला."

ती त्याच्याकडं बघत राहिली.

"चालत आला?"

"नाही, यम्मा."

तिनं मान हलवली. मला म्हणाली, पाणी दे त्याला, ऊन आहे बाहेर.

दफन दुसऱ्या दिवशी. तिथं बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुष दारात चपला घालत होते. मी यम्माला धरून दारापर्यंत आणलं होतं. थोरला सवयीनं म्हणाला, "यम्मा, येजी."

"नाही," ती म्हणाली. "रूह. त्याला घेऊन रूह."

तो तसाच उभा राहिला. चौदा वर्षांत आईच्या तोंडून तो शब्द त्यानं ऐकला नसणार. मग वाकून तिचा हात कपाळाला लावला आणि गेला.

फोटोला हार घालायची रीत तिथं नाही. मी एकदा नकळत हात वर केला होता, मग फडक्यानं काच पुसली आणि स्टुलावरून उतरले. त्यानंतर घरात येजी म्हणणं हळूहळू थांबलं. मुली मोठ्या झाल्या होत्या, त्या नुसता दरवाजा आपटून जायच्या. मी मात्र म्हणत राहिले. यम्मा मान वर करायची नाही. तिला आता कुणाची वाट बघायची नव्हती, आणि ते तिच्या अंगावर दिसत होतं. जेवण अर्ध्यावर आलं. दुपारची गोष्ट बंद झाली. तेल लावताना पाय माझ्या मांडीवर लाकडासारखे पडलेले असायचे.

दोन हजार पाचला नेऱ्याहून फोन आला. आई पावसात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. भावजय एकटी किती करणार. मी यम्माला सांगितलं तेव्हा भीती वाटत होती, की ती थांब म्हणेल. आणि खरं सांगायचं तर याचीही, की ती म्हणणार नाही.

निघताना ड्रायव्हर बॅग गाडीत ठेवत होता. यम्मानं खजुराचा डबा माझ्या हातात दिला. सून दारात उभी होती, तिनं मला मिठी मारली. मी यम्माच्या पाया पडले. ती पद्धत तिला आवडत नसे, माणसापुढं वाकू नये म्हणायची. त्या दिवशी तिनं वाकू दिलं.

"यम्मा, आना—"

"येजी म्हणू नकोस."

"आमच्याकडं, यम्मा..."

"तुमच्याकडं काय आहे ते मला ठाऊक आहे." तिनं माझं मनगट धरलं होतं. "तू येणार आहेस का?"

मी खाली बघितलं. व्हिसा संपला होता. आई अंथरुणाला खिळली होती. मुलगी मला ओळखत नव्हती.

"मग मला वाट बघायला लावू नकोस, बिन्ती. मी एकदा बघितली." तिनं हात सोडला. "रूही." बाईमाणसाला 'जा' म्हणायचं ते असं.

मी काहीच न म्हणता उंबरा ओलांडला. जन्मात पहिल्यांदा. गाडीत ड्रायव्हरनं विचारलं, "आज बुढ़िया को क्या बोला?" मी म्हटलं, "कुछ नहीं."

भाऊ न्यायला आला होता. हिंजवडी मागं पडली तरी मी काचेला नाक लावून आमचं वळण शोधत होते. "आलं की घर," तो म्हणाला, तेव्हा कळलं की आपण कधीच वळलोय. खळ्याच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि आत इमारतीचा पाया. जुन्या घराच्या जागी विटांचं दोन मजली, अजून गिलावा न केलेलं. मी आमचं जुनं दार कुठल्या बाजूला होतं ते मनात लावून बघत होते. उभं राहायला भिंत तरी हवी, असं ती म्हणाली होती.

मुलीनं माझ्यापुढं पाण्याचा पेला आणला. ताटलीत ठेवून, पाहुण्यांना देतात तसा.

यम्मा आहे की नाही, मला ठाऊक नाही. ड्रायव्हर केरळला परतला, त्या घराचा नंबर लागत नाही. कधी वाटतं, म्हणायला हवं होतं. मग तिनं धरलेलं मनगट आठवतं. मुखवट्याची तर रोज आठवण येते. माझ्या मांडीवर तो पडला तेव्हा त्याला तिच्या श्वासाची वाफ होती.

मुलगी आता सकाळी कंपनीच्या बसनं कामाला जाते. एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नावं भरायचं काम आहे. माझ्याशी नीट बोलते, काही मागत नाही. बसचा हॉर्न वाजला की पायऱ्या उतरता उतरता म्हणते, "चल, बाय." मी बस वळेपर्यंत फाटकात उभी राहते.

आतून, खाटेवरून आईचा आवाज येतो. आता तिला ऐकू कमी येतं.

"गेली का गं?"

"व्हय."

"येते म्हनली का?"

"म्हनली," मी सांगते, आणि आत येऊन चहा टाकते.